चालवणाऱ्याची गाडी

शारजा,
२० जानेवारी २००८

चि. मैनास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तू परत तेच केलंस. दोन पानं भरून पत्र लिहिलंस. त्यात शेळी व्याली, आईचा गुडघा धरला, बारावीचा फॉर्म भरला, शेजारच्या पिंकीच्या पोराचं बारसं झालं, सगळं आलं, आणि गिरजाचं एकच वाक्य. 'गिरजा बरी आहे.' बरी आहे म्हणजे काय गो? ताप येऊन उतरला का? मागच्या पत्रात मी काय बोललो होतो? चार ओळी लिही बोललो होतो. ती हल्ली काय करते, केस अजून तेवढेच लांब हायेत का, माझं नाव निघालं तर उठून जाते का बसून राहते. एवढं विचारलं तर तू शेळीवर सात ओळी लिहितेस.

आणि वर मलाच शहाणपण, की दादा, गिरजाला स्थळं येतायत, मामांना पत्र टाक. दिवाळीपासून आपलं ह्यावरच वाजतंय. मी आता शेवटचं सांगतो, पत्राने मागणी घालणार नाय. मी सहावीतून उठलेला माणूस, माझं अक्षर बघून मामी हसते. बाबा गेल्यावर मामांनी दोन वर्षं आपल्या घरात भात पोचवलं, मला आसनगावच्या गॅरेजात चिकटवलं. त्यांची पोर मागायची तर त्यांच्या ओटीवर उभा राहून मागेन. तू बोलतेस, मामाचीच पोर, त्यात लाजायचं काय. लाज तिची नाय, माझी हाय. मामा आईला बोललेले मला ठाऊक हाय, की साईनाथ पोरगा गुणाचा पण बूड टेकत नाय. खोटं नाय ते. इकडे आल्यावरही दोन जागा सोडल्या. पण ह्या यार्डात आता वर्ष झालं. मामांना ते तोंडाने सांगायचं हाय.

इथलं काम मला आवडतं. लोकांनी वापरून विकलेल्या भारी भारी गाड्या येतात. मी धुतो, पॉलिश करतो, आणि धुवायच्या जागेपासून शेडपर्यंत चालवत नेतो. चाळीस पावलं. एवढ्यात काय गाडी चालवली असं मुकेश बोलतो. तो आपल्या शहापूरचाच हाय, माझ्या खोलीत राहतो. पण त्या चाळीस पावलांसाठी मी सकाळी लवकर उठतो, खरं सांगतो.

वैशाखात नक्की येतो. तिकिटाचे तेरा हजार चारशे रुपये फोरमनकडे ठेवायला दिलेत. माझ्याकडे असले तर उडतील. फोन कर बोलतेस, पण कार्ड पाच मिनिटांचं, त्यातली चार आई रडते.

आईच्या पाया पड माझ्या वतीने. रागावू नको, आणि पुढच्या पत्रात शेळी आली तर मी ते फाडून टाकीन.

तुझा दादा,
साईनाथ


आसनगाव, ता. शहापूर,
१० फेब्रुवारी २००८

चि. साईनाथ यास,
धर्मामामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम. तुझा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. ती ठीक आहे, गुडघ्याला तेल देतो आहे ते स्वतः लावत नाही एवढीच तक्रार.

हायवेची जमीन गोदामवाल्यांनी घेतली हे तुला कळलं असेलच. थोडी मुरबाडकडे परत घेतली, माती हातात नसली तर मला जेवण जात नाही. बैल मात्र गेले. गोठ्यात आता खुर्च्या ठेवल्या आहेत, जमिनीची माणसं बोलणी करायला येतात त्यांच्यासाठी. रोज सकाळी मी वैरण घ्यायला उठतो आणि खुर्च्या बघून परत येतो.

पत्राचं कारण असं की, गिरजाचं यंदा वैशाखात करायचं मनात आहे. तुझ्या आईच्या लग्नात आंदणाचा बैल निवडायला माझ्या बापाने आपल्या भाच्याला मुद्दाम बोलावलं होतं. आपल्यात भाच्याचा हात दाव्याला लागल्याशिवाय आंदण गोठ्यातून निघत नाही. आता बैल नाहीत तर मी गाडी द्यायचं ठरवलं. पण रीत ती रीत. म्हणून तुला विचारतो.

कल्याणच्या एका ओळखीच्या माणसाने दोन गाड्या दाखवल्या. एकीच्या नाकावर चांदणी, दुसरीच्या नाकावर निळी-पांढरी चकती. दोन्ही बुटक्या, दोन्ही पळणाऱ्या, किमतीत फार फरक नाही. मी दोन्हींत बसलो. मला काही समजलं नाही. म्हशाच्या यात्रेत मी बैल घेताना त्याला चालवतो, खूर बघतो, शेपटी पिळतो. इथे शेपटी कुठे आहे? टाय लावलेला पोरगा मला पाणी देत होता आणि साहेब म्हणत होता, त्याला कसं विचारणार? चांदणीवाले म्हणतात चकतीवाली घेऊ नका, चकतीवाले म्हणतात चांदणी म्हाताऱ्यांची. दोघांचं वाकडं आहे एवढंच कळलं.

तू दोन्ही जवळून बघतोस. तू भाचा, तू सांगशील ती. घाई नाही, पंधरा दिवस घे, महिना घे. आणि निवडायची नसेल तर तसंही स्वच्छ लिही. मी राग धरणार नाही, समजून घेईन. पुढची बोलणी तुझ्या उत्तरापाशी थांबवली आहेत.

उन्हाची टोपी घालत जा. मामाच्या घरची ओढ आहे तशी ठेव.

तुझा,
धर्मामामा


शारजा,
२२ फेब्रुवारी २००८

चि. मैनास,
दादाचे डबल आशीर्वाद.

तू हरलीस गो. मामांनी स्वतःहून पत्र पाठवलं! मी मागायच्या आधी. आता तूच वाच, मी उतरवून देतो: 'गिरजाचं यंदा वैशाखात करायचं मनात आहे.' आणि आंदणाची गाडी कोणती पाहिजे ते मला विचारलंय. आता जावयाला सोडून दुसऱ्या कुणाला विचारतात का, तुला काय पाहिजे म्हणून? भाच्याचा हात दाव्याला लागला पाहिजे असं लिहिलंय. आजी सांगायची आठवतं ना, मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क पहिला.

मी पत्र मुकेशला दाखवलं. तो बोलला, साल्या, गाडी पुसता पुसता गाडीचा मालक झालास. मला आंदण नको होतं, खरंच सांगतो, पण मामांची रीत मोडायची नाय. गाडी गिरजाच्या नावावर करू.

रात्री झोपच नाय लागली. फोरमन विचारतो, हसतोस काय एकटा.

मामा स्वतः येऊन आईला सांगतील, तोपर्यंत तू काय बोलू नको. गिरजाला तर अजिबात नको. तिने मला बघून हसायचं हाय, तुझ्याकडून ऐकून नाय.

तुझा शहाणा दादा,
साईनाथ


शारजा,
२२ फेब्रुवारी २००८

ती. स्व. मामांस,
साईनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. तुमी मला विचारलंत ह्यातच मला सगळं मिळालं. महिना कशाला, आजच लिहितो.

मामा, मी दोन्ही गाड्या ओळखतो. रोज दोघींच्या अंगावरून हात फिरवतो. चांदणीवालीचं दार लागतं ते पितळी डब्याचं झाकण बसावं तसं, आवाज आतल्या आत. खड्ड्यावरून गेली तर खड्डा खालीच राहतो, आतल्या माणसाला पत्ता नाय. मागच्या सीटवर बसलं की गोधडीत बसल्यासारखं, झोप येते. आमचा फोरमन बोलतो, ही बसणाऱ्याची गाडी. ज्याच्याकडे ड्रायव्हर असतो तो ही घेतो.

चकतीवाली वेगळी. ती अंगाने टणक. मागे बसलं तर हाडं लागतात, खोटं कशाला सांगू. पण पुढे बसून स्टेरिंग धरलं की रस्त्यावरचा खडा न् खडा तळहाताला समजतो. वळण तुमी मनात आणायचं, ती वळलेली असते. तुमच्या त्या धाकट्या बैलासारखी, ज्याला कासरा नुसता दाखवायला लागायचा. ही चालवणाऱ्याची गाडी. आता चालवणारा घरचाच असणार, तर मी चकतीवाली सांगतो. बाजूच्या सीटवर बसणाऱ्यालाही तीच मजा येते, पुढचा सगळा रस्ता दिसतो.

रंग काळा घेऊ नका, धूळ दिसते. पांढरा सगळे घेतात. त्यांच्याकडे एक निळा हाय, काळपट, पिकल्या जांभळाच्या सालीसारखा. उन्हात गेला की आतून चमकतो. गिरजाला विचारा, ती हो बोलेल.

पोट जमिनीला फार जवळ हाय. तुमच्या घराच्या वळणावर घासेल. तिथे मुरूम टाकायला लागेल, ते मी आल्यावर माझ्या हाताने टाकीन.

मामींना नमस्कार. तुमी आजपर्यंत केलंत त्याच्यावर हे अजून केलंत, मी काय बोलू. पाय धरायला येतोच हाय.

तुमचा,
साईनाथ


शहापूर,
१४ मार्च २००८

ती. दादास,
मैनाचा सा. न.

कसं लिहू ते कळत नाही. कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून लिहिते आहे, घरी आईसमोर लिहिता येत नाही.

मागच्या रविवारी मामा आले. खिशात तुझं पत्र, हातात नारळ आणि केशरी फेटा. फेटा त्यांनी बाबांच्या फोटोपुढे ठेवला आणि आईला म्हणाले, गीताबाई, तुझ्या पोराचं मन मोठं, त्याने दाव्याला हात लावला. आई पदर तोंडाला लावून आत गेली. मला वाटलं आनंदाने रडते आहे. मी चहा ठेवला, साखर जास्त घातली.

मामा गेल्यावर आईने सांगितलं. मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क पहिला, हे आजीने आपल्याला सांगितलं होतं, ते खरं आहे. पण ते अर्धंच आहे. मामाला पोर बाहेर द्यायची असते तेव्हा तो भाच्याला आंदणाचं जनावर निवडायला सांगतो. सरळ विचारायचं नसतं, म्हणून असं विचारतात. भाचा म्हणाला की मी निवडत नाय, तर मामा बाहेरच्या स्थळाला नकार देतो. भाच्याने दाव्याला हात लावला तर त्याने हक्क सोडला. फेटा त्या सोडण्याचा मान असतो. हे उरलेलं अर्धं मुलग्याला त्याचा बाप सांगतो, म्हणे. बाबा नव्हते, दादा. आईला वाटलं मामांनी तुला सांगितलं असेल, मामांना वाटलं आईने सांगितलं असेल.

तुझं मला लिहिलेलं पत्र मामा येऊन गेल्यावर चार दिवसांनी आलं. मी ते वाचलं आणि गोठ्यात जाऊन बसले.

धसईचं स्थळ आहे. भातगिरणी आहे त्यांची, मुलाचं नाव ओमकार, बी. कॉम. झालाय. दोन महिने ते मामांकडे येत होते आणि मामा त्यांना थांबवत होते. थांबवायला लावलं गिरजानेच. ती मामांना म्हणाली होती, आधी त्याला विचारा. तुझं पत्र आलं तेव्हा मामांनी ओटीवर मोठ्याने वाचलं. मामी सांगत होती की गिरजाने सगळं ऐकलं, अगदी मुरूम टाकण्यापर्यंत. मामांनी तिला दोनदा विचारलं. ती म्हणाली, धसईवाल्यांना बोलवा. परवा कुंकू लागलं. गाडी तीच घेतली, रंगही तोच.

तुला शेळीबद्दल लिहीत बसले त्याचं मला इतकं वाईट वाटतं. गिरजा तुझं नाव निघालं तर उठून जात नव्हती. बसून राहायची. हे मी तेव्हा लिहायला हवं होतं.

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. तू हो म्हण, मी आजच्या आज एसटीने जाऊन सांगते. नाहीतर तू मामांना फोन कर. मामा वाईट नाहीत, ते ऐकतील.

जेवत जा. माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
मैना


आसनगाव,
१६ मार्च २००८

साईनाथभाऊ यांस,
गिरजाचा नमस्कार.

भाऊ पहिल्यांदाच लिहिलं. आधी नुसतं साईनाथ लिहून खोडलं, तो डाग दिसतोच आहे. आता सवय केलेली बरी. पत्ता मैनाकडे मागितला नाही, बाबांना आलेल्या पाकिटावरून उतरवला.

तुमचं पत्र बाबांनी वाचलं तेव्हा मी आत तांदूळ निवडत होते. मला वाटलं होतं, फार तर एक ओळ असेल. मी निवडत नाय. तीन शब्द. तेवढं लिहायला सहावी पुरते. त्याऐवजी तू दोन पानं लिहिलीस. सीट कशी, दार कसं, वळण कसं. बाबा मध्ये मध्ये थांबून वा म्हणत होते. मी तेच तेच तांदूळ तीनदा निवडले.

गाडी सांगितलीस ते सांगितलीस, वर रंगही सांगितलास. जांभळाच्या सालीचा. गिरजाला विचारा, ती हो बोलेल. बांधावरच्या जांभळीखाली माझा शाळेचा पांढरा ब्लाउज कुणी रंगवला होता? त्याच्यासाठी मी आईचा मार खाल्ला आणि नाव सांगितलं नाही. तोच रंग दुसऱ्याच्या दारात लावायला काढून दिलास? हात जरा तरी अडखळला का रे?

मी हो म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नाही, तुम्ही कुणाला दोष देऊ नका. ओमकार बरे आहेत. कमी बोलतात. त्यांच्याकडे काळू म्हणून ड्रायव्हर आहे, गाडी तो चालवणार, मी मागे बसणार. सगळे म्हणतात साईनाथने गाडी छान निवडली.

आत्याच्या गुडघ्याला तेल मी लावून यायचे, मंगळवारी आणि शनिवारी. वैशाखानंतर ते कुणीतरी बघा.

यापुढे पत्र नाही. मनात काही ठेवलेलं नाही असं समजा.

गिरजा


शारजा,
२ एप्रिल २००८

चि. मैनास,
दादाचे आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, मागोमाग गिरजाचंही. दोन्ही उशीखाली हायेत.

मी फोन केला. मोठं कार्ड घेतलं, यार्डाच्या मागे टायरांच्या ढिगावर जाऊन बसलो. काय बोलायचं ते हातावर लिहून घेतलं होतं, 'मामा, मला रीत ठाऊक नव्हती.' मामांनी फोन उचलला आणि माझा आवाज ऐकून एवढे खूश झाले की मला बोलूच देईनात. बोलले, थांब, थांब, आणि चालत कुठेतरी गेले. मग बोलले, ऐक. फोनमध्ये गाडीचं दार लावल्याचा आवाज आला. परत उघडलं, परत लावलं. बोलले, कसं लागतं? तू सांगितलंस तस्संच ना? आता मी काय सांगू त्यांना, पितळी डब्याचं बोललो होतो ते दुसरीचं. मी बोललो, हो मामा, तस्संच.

मग बोलले, गिरजा आतच बसलीय, बोलतोस का? तिचा आवाज मला लांबून ऐकू आला. ती बोलली, राहू दे बाबा, त्यांना कामं असतील. त्यांना. माझ्या हातावरचं सगळं घामाने पुसून गेलं होतं. तोंड उघडलं तर मी विचारलं, मामा, टायरात हवा किती ठेवलीय? ते धसईहून आलेल्या काळूला विचारायला गेले आणि कार्ड संपलं.

मुकेश मला बोलला, परत फोन कर, कार्ड मी देतो. मी रात्रभर विचार केला. मैना, तू तिला सांगू नको. माझी शपथ. आता ती माझ्यावर चिडलेली हाय. चिडून धसईला गेली तर वर्ष दोन वर्षांत राग विरेल, संसाराला लागेल. खरं कळलं तर त्या गाडीत बसताना दर वेळी तिला मी आठवेन. कुंकू लागलंय, कार्डं छापलीत, त्या ओमकारने कुणाचं काय वाईट केलंय? आणि मामा. त्यांनी मला वाट ठेवली होती, 'निवडायची नसेल तर तसंही स्वच्छ लिही.' ते पत्र मी आता परत वाचतो तर त्यांनी पाच ओळी माझ्यासाठीच लिहिलेल्या दिसतात. मी गाडीचं वाचायला एवढा उतावळा झालो की त्या ओळी पायाखाली तुडवून पुढे गेलो. बूड टेकत नाय बोलायचे, ते हेच.

तुला लिहिलेलं माझं हसऱ्या तोंडाचं पत्र चुलीत टाक. फेटा ट्रंकेत ठेव. मी तो बांधणार नाय, पण परतही करू नका, मामांच्या मनाला लागेल. मी वैशाखात येत नाय. सुट्टी मिळाली नाय असं सगळ्यांना सांग, आईलाही.

पण एक गोष्ट मला जेवू देत नाय. मला ठाऊक असतं की तिला न्यायला गाडी हवी हाय, आणि ती मागे बसणार, तर मी चांदणीवाली सांगितली असती गो. मी स्वतः चालवणार म्हणून निवडली. धसईच्या रस्त्याला तिची हाडं लागतील आणि ते माझ्यामुळे.

आईच्या गुडघ्याला मंगळवारी-शनिवारी तेल लाव.

तुझा,
दादा


शारजा,
६ एप्रिल २००८

चि. सौ. कां. गिरजा हिस,
साईनाथचे आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र नको बोललीस, तरी हे एक लिहितो, कारण गाडी मी सांगितलीय, तर तिची काळजी सांगायचं कामही माझंच हाय. हे वाचून काळूला समजावून सांग.

गाडी धुताना आधी नुसतं पाणी मारायचं, धूळ खाली जाऊ द्यायची, मग फडकं लावायचं. फडकं मऊ पाहिजे, जुन्या सुती धोतराचं असलं तर उत्तम. मामींना सांग, भांड्यासारखी राखेने घासायची नाय, चरे पडतात ते मग जन्मभर जात नायत. उन्हात तापलेली असताना पाणी मारू नका, डाग राहतात. सावलीत लावा, पण जांभळीखाली नको. पूजेला हळदकुंकू काचेवर लावा, रंगावर नको. नारळ बाजूच्या दगडावर फोडा.

दार आपटायचं नाय. हाताने टेकवलं तरी लागतं.

माझी एक चूक झाली ती कबूल करतो. मामांनी विचारलं तेव्हा मी चालवणाऱ्याचा विचार केला, बसणाऱ्याचा केला नाय. ही गाडी मागच्या माणसाला कडक लागते. तर तू पुढे बसत जा, ड्रायव्हर असला तरी ओमकाररावांना सांग की ते चालवतील तेव्हा तू बाजूला बसशील. पुढून रस्ता चांगला दिसतो. मागेच बसायला लागलं तर पाठीला गोधडी घे. आमच्या आईने एक नवी शिवून ठेवली होती, ती तशीच पडून हाय, मैना आणून देईल. मुरबाड ते धसई रस्ता खराब हाय, काळूला हळू घ्यायला सांग. तुमच्या दारच्या वळणावर मुरूम टाकायचा राहिला, तो मामांनी गड्याकडून टाकून घ्यावा.

आणि तू विचारलंस, हात अडखळला का. नाय अडखळला. रंग चांगला हाय, उन्हात बघ.

मला सुट्टी मिळाली नाय, त्यामुळे लग्नाला नसेन. मुकेश पंधरा तारखेला गावी चाललाय, त्याच्याबरोबर माझा आहेर पाठवतो, मैना तुझ्या हातात देईल. गाडीला त्यातून काय घेऊ नको, तुझ्या अंगावर घे. नव्या घरी तुला भरपूर माया मिळो. त्यातली चिमूटभर आईच्या नावाने बाजूला ठेव.

तुझा आतेभाऊ,
साईनाथ

आहेर: रुपये तेरा हजार चारशे.